आजीच्या पेटीतील रुपया

चांदीच्या जुन्या रुपयाचे मोल आपण सराफाच्या काट्यावर ठरवितो. बंगळूरच्या मरुधर आर्ट्ससारख्या संस्थांच्या लिलावांत मात्र निराळाच न्याय चालतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया तेथे आला, की बोली लाखाच्या घरात जाऊ शकते. पाचव्या जॉर्जचा १९१८ चा रुपया मात्र चांदीच्या भावाहून थोडेच अधिक मिळवितो. वस्तुतः दोहोंचे वजन ११.६६ ग्रॅम, दोहोंत चांदी शेकडा ९१.७! पण १९१८ चे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. १९३९ चे फारच थोडे उरले. शिवाय १९४० पासून, युद्धकाळात, रुपयातील चांदी निम्म्यावर आली.

आपल्या पेटीत बहुधा १९३८ चाच निघेल. चुकून ३९ दिसलाच, तर हुरळून न जाता तो जाणकारास दाखवावा, कारण याच रुपयाच्या नकला पुष्कळ. आणि कृपा करून तो चिंचेने घासू नये! झळाळी येते, किंमत जाते. संग्राहकाला तो जुना काळपटपणाच हवा असतो.

विक्रीसाठी कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागितले, तर एक पैही देऊ नये. असे शुल्क घेण्याचा अधिकार आपण कोणासही दिलेला नाही, असे त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे.