जपानी तुळयांचे सांधे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानी सुताराच्या कौशल्याचे जे कौतुक जगभर होते त्यात खोटे असे फारसे नाही. परंतु कौतुकाची एकदा सवय जडली म्हणजे मनुष्य तपशील विचारीनासा होतो, आणि मग एकाही खिळ्यावाचून उभी असलेली मंदिरे, अखंड लाकडाहून बळकट असे सांधे आणि भूकंपाला न जुमानणारे मनोरे यांची एक अद्भुतकथा तयार होते, जिच्यात त्या सुताराची खरी बुद्धी मात्र कोठेच दृष्टीस पडत नाही. ही बुद्धी मोठमोठ्या तुळयांच्या जोडकामात सर्वांत स्पष्टपणे प्रकट झालेली असल्यामुळे प्रस्तुत विवेचन बहुतांशी तेवढ्यापुरतेच ठेविले आहे.

प्रथम खिळ्यांचा मामला निकालात काढू. नारा प्रांतातील होर्यूजी हे मंदिर इ. स. ६०७ मध्ये स्थापन झाले, ६७० मध्ये जळाले असे जुन्या बखरीत नमूद आहे, आणि त्यानंतर सातव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्याच्या आरंभापर्यंत ज्या इमारती पुन्हा उभ्या राहिल्या त्या आज जगातील सर्वांत प्राचीन लाकडी इमारती गणल्या जातात. या इमारतींत खिळे आहेत. हाताने घडविलेले, लांबच लांब, चौकोनी लोखंडी खिळे वासे आणि फळ्या जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी तेथे मारलेले होते, आणि विसाव्या शतकात दुरुस्तीसाठी इमारती उकलल्या तेव्हा त्यांतील कित्येक पुन्हा वापरता येण्याजोगे निघाले. होर्यूजीचे प्रख्यात मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) यांनी या जुन्या लोखंडाची थोरवी आयुष्यभर सांगितली. त्यांचा आक्षेप होता तो आधुनिक पोलादावर, हजार वर्षे टिकणाऱ्या लाकडात शंभर वर्षांत गंजणारी वस्तू घालण्यावर. इवाकुनी येथील किंताईक्यो हा १६७३ चा कमानदार लाकडी पूलही ‘बिनखिळ्याचा’ म्हणून बिनदिक्कत सांगितला जातो. त्याच्या कमानी लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या आणि खिळ्यांनी जखडलेल्या आहेत.

मग ही समजूत निपजली कोठून? ती अगदीच निराधार नाही. क्योतो येथील कियोमिझू मंदिराचा जो सुप्रसिद्ध सज्जा १६३३ साली दरीच्या अंगावर सुमारे १३ मीटर उंचीवर बांधला गेला, त्याच्या खालचा खांबांचा आणि आडव्या लाकडांचा सांगाडा खरोखरच खिळ्यांवाचून, केवळ आरपार छिद्रे आणि पाचरी यांच्या बळावर उभा आहे. एकंदर शिरस्ता असा दिसतो की, भार वाहणाऱ्या मुख्य सांध्यात खिळा नाही आणि त्या सांगाड्यावर बसविलेल्या वरकड कामात तो खुशाल आहे. कारणही सरळ आहे. जाड लाकूड वाळताना आकसते, ऋतुमानाप्रमाणे फुगते, आणि त्या हालचालीच्या आड लोखंडाचा ताठ खिळा आला म्हणजे लाकूड त्याच्या रेषेत चिरते. शिवाय जो सांधा पुढेमागे उकलावयाचा आहे त्यात खिळा ठोकणे म्हणजे नातवाच्या कामात आज्याने घातलेला अडथळाच होय.

दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे, आणि त्याचा खुलासा थोड्या सावकाशीने करणे भाग आहे. जपानी पद्धतीने जोडलेली तुळई अखंड तुळईइतकी, किंबहुना तिच्याहूनही बळकट असते, असे विधान मोठमोठ्या जाणत्यांच्या तोंडूनही ऐकू येते. लाकडाचे बळ त्याच्या लांबीच्या दिशेने धावणाऱ्या तंतूंत असते. तुळईवर भार आला म्हणजे ती किंचित वाकते, वरच्या अंगाचे तंतू दाबले जातात, खालच्या अंगाचे ताणले जातात, आणि साध्या दोन खांबांवर टेकलेल्या तुळईत हा ताण बरोबर मध्यावर सर्वाधिक असतो. सांधा करावयाचा म्हणजे हेच तंतू तोडावयाचे. आणि एकदा तुटलेला तंतू जगातील कोणत्याही कुसूने पूर्ववत् एक होत नाही.

लांबीत लाकूड वाढविण्याच्या सांध्यांना जपानी सुतार ‘त्सुगिते’ म्हणतात आणि कोनात मिळणाऱ्या लाकडांच्या सांध्यांना ‘शिगुची’. पहिल्या वर्गातील ‘ओक्काके-दायसेन-त्सुगी’ हा तुळयांसाठी विशेष मानला गेलेला सांधा पाहावा: दोन्ही लाकडांची टोके अर्धी अर्धी तासून, मध्ये एक पायरी ठेवून, तिच्या दोन्ही बाजूंना अशी सूक्ष्म उतरंड दिलेली असते की, वरचे लाकूड खालच्यावर वरून बसविताना जसजसे खाली सरकते तसतशी दोन्ही टोके एकमेकांकडे ओढली जातात, आणि शेवटी ओक जातीच्या कठीण लाकडाच्या दोन खुंट्या दोन विरुद्ध बाजूंनी ठोकल्या जातात. ‘कानावा-त्सुगी’त दोन्ही अर्ध तंतोतंत एकाच आकाराचे असतात, ते बाजूने एकमेकांत बसवून लांबीच्या दिशेने सरकवावयाचे, आणि मध्यभागी जी चौकोनी फट मोकळी होते तीत एक खुंटी मारून दोहोंना टोकाच्या जिभांवर घट्ट दाबावयाचे. कल्पकता निःसंशय असामान्य आहे. तथापि दोन्ही सांध्यांत सारी ओढ अखेर त्या आखूड पायऱ्यांवर येते, आणि पायरीमागचे लाकूड तंतूंच्या रेषेत चिरफळले की तुळई गेली. वाकण्याविरुद्ध अशा जोड-तुळईचे बळ अखंड लाकडाच्या मानाने बरेच कमी भरते, आणि जुन्या सुतारांना हे पुरते ठाऊक होते.

ठाऊक होते याचा पुरावा त्यांनी सांधा कोठे ठेविला यात आहे. एका खांबावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणाऱ्या लांब तुळईत खांबाच्या माथ्यावर वाकण्याची दिशा एक असते, दोन खांबांच्या मध्यावर नेमकी उलटी असते, आणि या दोहोंच्या दरम्यान, खांबापासून थोड्या अंतरावर, अशी एक जागा येते जेथे वाकविणारा जोर जवळजवळ शून्य होतो. गणिताने ही जागा दाखवून देण्यापूर्वी कित्येक शतके जपानी सुतार खांबावरून खालचे लाकूड थोडे पुढे काढून त्याच्या त्या टोकावर पुढचे लाकूड टेकवीत होता. बुंधा आणि शेंडा यांचाही तो हिशेब ठेवी. एका लाकडाच्या शेंड्यास पुढच्याचा बुंधा मिळावा आणि बुंध्यास बुंधा शक्यतो मिळू नये, असा दंडक असे.

यापेक्षाही मोठा दाखला नारा येथील तोदायजीच्या महाबुद्ध-मंदिराचा. हे मंदिर ११८० मध्ये आणि पुन्हा १५६७ मध्ये युद्धाच्या आगीत भस्म झाले. कोकेई नावाच्या भिक्षूने गावोगाव फिरून द्रव्य जमविले आणि त्याच्या मृत्यूनंतर, १७०९ साली, आज दिसणारी इमारत पुरी झाली. मूळ इमारतीची रुंदी ८५ मीटरांहून अधिक होती, ती पैसा आणि लाकूड यांच्या अभावी ५७ मीटरांवर आणावी लागली. प्रचंड खांबांसाठी एकसंध वृक्ष कोठेच मिळेनात, तेव्हा सुतारांनी मध्ये एक गाभा घेऊन त्याभोवती लाकडे जोडली आणि ती लोखंडी कड्यांनी व खिळ्यांनी आवळून खांब सिद्ध केले. परंतु छपराचा भार पेलणाऱ्या दोन मुख्य तुळयांच्या बाबतीत त्यांनी ही तडजोड केली नाही. सुमारे २३ मीटर लांबीच्या या दोन तुळयांसाठी दूर दक्षिणेस क्यूशू बेटावरील ह्यूगा प्रांतात, शिरातोरी देवस्थानाच्या अरण्यात, तांबड्या पाइनचे दोन अखंड वृक्ष शोधून काढण्यात आले आणि जमिनीवरून ओढीत, समुद्रातून, नदीतून असे नाराला आणविण्यात आले. खांब दाबला जातो म्हणून त्यात जोड खपतो. तुळई मध्यावर ताणली जाते म्हणून तेथे खपत नाही. सांधा अखंड लाकडाहून बळकट असता तर एवढा द्राविडी प्राणायाम करण्याचे प्रयोजन काय होते? आणि एवढे करूनही छप्पर कालांतराने दबलेच. मेइजी काळात सुरू झालेल्या, १९०६ ते १९१३ च्या दुरुस्तीत, छपराच्या पोटात पोलादी कैच्या घालून त्याला आधार द्यावा लागला. लाखो यात्रेकरू त्या कैच्यांखाली उभे राहून लाकडाची वाखाणणी करतात, हा त्यातला गमतीचा भाग.

सांधा जितका गुंतागुंतीचा तितका श्रेष्ठ, हा आणखी एक भ्रम. ओसाका किल्ल्याच्या ओतेमोन दरवाजाच्या एका खांबाला १९२३ मध्ये तळाशी जो जोड देण्यात आला, तो समोरासमोरच्या दोन बाजूंनी खाली रुंदावत जाणाऱ्या शेपटीसारखा आणि उरलेल्या दोन बाजूंनी डोंगराच्या शिखरासारखा दिसतो, त्यामुळे तो वरून उतरविता येईना की बाजूने सरकविता येईना, आणि बसविला तरी कसा याविषयी पुष्कळ काळ तर्क चालले. १९८३ मध्ये क्ष-किरणांनी छायाचित्र घेतल्यावर उलगडले की तो तिरका, वरच्या दिशेने सरकवून बसविलेला आहे. असे काम म्हणजे कारागिराची लीला होय, आणि लीलेबद्दल त्याला दाद द्यावीच. परंतु छपरात, जेथे कोणाची नजर जात नाही, तेथे हाच कारागीर साधे, बोजड, मजबूत सांधे वापरतो. कारण प्रत्येक नवी खाच म्हणजे लाकडाची आणखी एक वजाबाकी. चार दिशांनी चार तुळया एकाच खांबात शिरल्या तर त्या खांबाच्या गाभ्यात उरते काय, हा प्रश्न त्याला कारागिरीच्या प्रदर्शनाहून महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणूनच जपानी घराचा मुख्य खांब इतरांच्या मानाने दांडगा असतो.

भूकंपाविषयी बोलताना तर अतिशयोक्तीला ऊत येतो. खांबांतून आरपार जाणारी ‘नुकी’ नावाची आडवी पट्टी, जिचा प्रशस्त उपयोग चोगेन या भिक्षूने बाराव्या शतकाच्या अखेरीस तोदायजीच्या पुनर्रचनेत केला आणि जी ११९९ च्या दक्षिण महाद्वारात आजही पाहावयास मिळते, ती हादऱ्याच्या वेळी खरोखर उपकारक ठरते. खांब कलू लागला की छिद्राचे काठ पट्टीत रुततात, आडव्या तंतूंचे लाकूड हळूहळू चेपते, घर्षण होते, आणि हादऱ्याची शक्ती त्यात खर्ची पडते. पट्टी एकदम मोडत नाही. पण याच गुणामुळे पाचरी सैल होतात आणि त्या पुन्हा आवळाव्या लागतात. मंदिरांच्या मनोऱ्यांनी शतकानुशतके भूकंप सोसले म्हणून जुन्या पद्धतीचे प्रत्येक घर सोसेल असे मानणाऱ्यांनी १९९५ चा कोबेचा भूकंप आठवावा. त्यात ६,४०० हून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतील फार मोठा वर्ग जड कौलांच्या, अपुऱ्या भिंतींच्या, कोठे कोठे वाळवीने पोखरलेल्या जुन्या लाकडी घरांखाली चिरडला गेला. त्यानंतर २००० साली सरकारने नव्या लाकडी घरांच्या मुख्य सांध्यांवर धातूच्या जोडपट्ट्या बसविण्याविषयी काटेकोर नियम घालून दिले.

तेराशे वर्षांची इमारत म्हणजे तेराशे वर्षे जशीच्या तशी उभी असलेली इमारत, असेही कोणी समजू नये. सांध्याची खरी किंमत दुरुस्तीच्या वेळी कळते. खांबाचा तळ जमिनीच्या ओलाव्याने कुजला की कुजका भाग कापून त्याच जागी नवे लाकूड कानावा-त्सुगीने जोडावयाचे. छपराचे लाकूड शिणले की सारी इमारत उकलून, प्रत्येक तुकड्यावर खुणेचा अंक घालून, वाईट तेवढे बदलून पुन्हा उभारावयाची. नाराच्या याकुशीजी मंदिराच्या पूर्वेकडील मनोऱ्याची अशी उकल २००९ मध्ये सुरू होऊन २०२० पर्यंत चालली होती. हिमेजी किल्ल्याच्या १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत बुरुजाचा सुमारे २५ मीटर उंचीचा पश्चिम खांब बदलावा लागला. त्यासाठी किसोच्या अरण्यातून आणावयाचा वृक्ष वाटेतच मोडला, आणि अखेरीस त्याला कासागाता देवस्थानच्या एका हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्षाचा जोड देऊन काम निभावले. खांब असल्यामुळे ते निभावले, हे वर सांगितलेच आहे.

एक जुजबी गोष्ट जाता जाता: आजच्या जपानी घरांतील तुळयांचे सांधे बहुतांशी कारखान्यात यंत्राने कापले जातात, आणि यंत्रही पुष्कळदा जुनेच साधे आकार कापते. देवळांचा सुतार, ज्याला ‘मियादाइकू’ म्हणतात, तो अजून पटाशी, रंधा आणि काटकोनी गुण्या घेऊन काम करतो, परंतु अशा सुतारांची संख्या थोडी आहे. २०२० मध्ये युनेस्कोने लाकडी वास्तूंच्या जतनाच्या जपानी कौशल्यांना अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत या वर्गाचे कामही येते.

राहता राहिला लाकडाचा प्रश्न, जो सांध्यांच्या कौतुकात हमखास विसरला जातो. जपानी मंदिर म्हटले की सर्व लाकूड हिनोकीचे आणि जपानचेच, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः मोठ्या तुळयांसाठी, वाकण्यास चिवट म्हणून, पाइन वापरण्याची चाल फार जुनी आहे, आणि हजार वर्षांचे हिनोकी वृक्ष तर जपानात आता विकत मिळण्याजोगे राहिलेलेच नाहीत. निशिओका यांच्या देखरेखीखाली याकुशीजीचे मुख्य मंदिर १९७६ मध्ये पुन्हा उभे राहिले ते तैवानच्या हिनोकीतून. नाराच्याच कोफुकूजी मंदिराचे मध्यवर्ती सुवर्णगृह २०१८ मध्ये पुरे झाले, तेव्हा त्याचे खांब आफ्रिकेतील कॅमेरूनमधून आणि तुळयांचे लाकूड कॅनडातून जहाजाने आणावे लागले.