आंतरजालावरील जाहिरात आणि जमीनजुमल्याचे गिऱ्हाईक



पेढीवर शिल्लक राहिलेला पैसा जमिनीत घालावा, ही आपल्या व्यापारी वर्गाची जुनी चाल आहे. पूर्वी प्लॉट विकावयाचा असल्याची बातमी रविवार पेठेत दलालाच्या तोंडून येत असे, आणि त्या दलालाची तीन पिढ्यांची माहिती आपणांस असे. आज तीच बातमी घरातील मुलाच्या मोबाईलवर येते. ती कोणी धाडली, आपल्यालाच का धाडली, याचा उलगडा होत नाही. दुसरीकडे आपल्यापैकी काही सभासद जमीन घेऊन प्लॉट पाडतात वा घरे बांधतात, आणि त्यांस गिऱ्हाईक मिळविण्यासाठी हाच मार्ग धरावा लागतो. घेणारा असो वा विकणारा, या बाजाराची रीत दोघांनाही ठाऊक असणे अवश्य आहे. कारण यात गुंतते ते बहुधा दुकानाचे खेळते भांडवल किंवा मुलामुलींच्या शिक्षणालग्नासाठी राखलेली पुंजी.

या धंद्यात 'लीड' हा शब्द पदोपदी कानी पडतो. लीड म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. गिऱ्हाईक होऊ शकेल अशा माणसाचे नाव, त्याचा मोबाईल क्रमांक आणि त्याला काय हवे याची त्रोटक माहिती, एवढाच त्याचा अर्थ. धान्याच्या भाषेत बोलावयाचे तर पोत्यातून काढलेला हा मूठभर नमुना आहे. सौदा अजून व्हावयाचा आहे. नमुना पाहून मालाची रक्कम मोजणारा व्यापारी जसा फसतो, तसाच लीड मोजून धंदा झाला असे समजणाराही फसतो.

लीड मिळविण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला शोधयंत्राचा. गूगलने आपली जाहिरात-व्यवस्था २००० साली सुरू केली. तिचे ॲडवर्ड्स हे नाव २०१८ साली बदलून गूगल ॲड्स झाले. कोणी 'बेळगावात प्लॉट' असे शब्द लिहून शोध घेतला की त्या क्षणी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो. मात्र हा लिलाव आपल्या मार्केट यार्डातील लिलावासारखा नव्हे. येथे सर्वांत मोठी बोली बोलणाराच वर राहील असे नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या गरजेशी कितपत जुळते आणि तिच्यामागचे पान किती उपयोगी आहे, हेही जोखले जाते. पैसे बहुधा जाहिरात दिसल्याबद्दल नव्हे, तर कोणी तिच्यावर बोट ठेवल्याबद्दल आकारले जातात.

दुसरा मार्ग फेसबुक व इन्स्टाग्राम यांचा. येथे माणूस प्लॉट शोधावयास आलेला नसतो; जत्रेतून जाता जाता त्याच्या हाती पत्रक पडावे, तसा प्रकार होतो. २०१५ सालापासून फेसबुकवर असा नमुना-अर्ज निघाला की त्यात माणसाचे नाव व क्रमांक आधीच भरलेले असतात. एक-दोनदा बोट लावले की लीड तयार! म्हणून या वाटेने नावे स्वस्त पडतात, परंतु फोन केल्यावर "आम्ही कोठे चौकशी केली होती?" असे विचारणारेही पुष्कळ भेटतात. तिसरा मार्ग मालमत्तेच्या खास संकेतस्थळांचा. ९९ एकर्स २००५ साली आणि मॅजिकब्रिक्स २००६ साली सुरू झाले. येथे येणारा खरोखर घर वा जागा पाहावयास आलेला असतो; परंतु तो एकाच वेळी अनेक विक्रेत्यांकडे चौकशी करीत असल्याने, जो आधी व नीट उत्तर देतो त्याचेच तो ऐकतो.

आता हिशेब पाहू. समजा, जाहिरातीवर १,००० जणांनी बोट ठेवले आणि प्रत्येकी ३० रुपये पडले. खर्च ३०,००० रुपये झाला. त्यांतील ५० जणांनी नाव-क्रमांक दिला. म्हणजे एक लीड ६०० रुपयांस पडली. २० जण फोनवर बोलले, ५ जण जागा पाहावयास आले, एकाने प्लॉट घेतला. तेव्हा गिऱ्हाईक ३०,००० रुपयांस पडले. फोन करणाऱ्या मुलाचा पगार निराळाच. आता दुसरा कोणी २०० रुपयांस एक याप्रमाणे त्याच पैशांत १५० लीड देऊ लागला आणि त्यातून एकही सौदा झाला नाही, तर स्वस्त कोणता? जाहिरातीचे कंत्राट घेणारे लीडचा भाव सांगतात. आपण सौद्याचा भाव विचारावा. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याने पाचशे नावांची यादी विकत घेतली. पुढे कळले की तीच यादी आणखी चौघांस विकली होती, आणि फोनांना कंटाळलेली ती माणसे बोलावयासही तयार नव्हती.

अमेरिकेत हा धंदा आणखी एका अंगाने चालतो. तेथील लहान गुंतवणूकदार घेणाऱ्याला नव्हे, तर विकणाऱ्याला जाहिरातीने शोधतात. कर्जात अडकलेला, वारसाहक्काने घर मिळालेला, गाव सोडून जाणारा अशा माणसाकडून घाईचा सौदा करून घर कमी किमतीस घ्यावे, हा हेतू. आपल्याकडेही पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या वारसांची घरे गावोगाव पडून आहेत. त्यांना शोधण्यात वावगे काही नाही. परंतु अडलेल्याची अडचण हीच आपली पुंजी मानणे व्यापारी नीतीस शोभत नाही.

नुसती माहिती हाती असली म्हणजे व्यापार साधतो असेही नाही. अमेरिकेतील झिलो या कंपनीचे संकेतस्थळ २००६ साली सुरू झाले. घर घेऊ पाहणाऱ्यांच्या चौकश्या दलालांस पुरवून ती मोठी झाली. २०१८ साली तिने स्वतः घरे विकत घेऊन विकण्यास आरंभ केला. पुढील भावांचा अंदाज चुकला. २०२१ च्या एका तिमाहीत घरांच्या किमतीपोटी ३० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडीत धरावी लागली, तो व्यवहार गुंडाळावा लागला आणि सुमारे चौथा हिस्सा नोकरवर्ग कमी करावा लागला. गिऱ्हाईक जाणणे व माल जाणणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे आपणा धान्यवाल्यांस निराळे सांगावयास नको.

आता कायद्याकडे वळू. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, ज्यास लोक रेरा म्हणतात, ठरवून दिलेल्या मर्यादेहून मोठ्या प्रकल्पाची नोंदणी झाल्यावाचून त्याची जाहिरातही करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा लागतो. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. दलालालाही नोंदणी हवी. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास तो भरपाई, किंवा व्यवहार सोडावयाचा असल्यास सव्याज परतावा मागू शकतो. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. नोंदणीविना प्रकल्प चालविणाऱ्यास प्रकल्पखर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येक राज्याचे प्राधिकरण निराळे असल्याने, बेळगावच्या माणसाने चंदगडकडील प्लॉटची जाहिरात पाहिली तर नोंदणी महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे तपासावी. शिवाय महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यास परवानगी लागते. 'फार्महाऊस प्लॉट' या गोड नावाखाली विकली जाणारी जमीन उताऱ्यावर शेतजमीनच तर नाही ना, हे आधी पाहावे.

विकणाऱ्या सभासदांस एक विनंती. आपल्या खातेवहीतील ग्राहकांचे क्रमांक जाहिरातवाल्यांच्या स्वाधीन करू नयेत. ते क्रमांक धान्याच्या उधारीसाठी लोकांनी विश्वासाने दिलेले आहेत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी, हे त्याचे तत्त्व आपल्या पेढ्यांनी पूर्वीपासून पाळलेले आहे.

सारांश, विकणाऱ्याने जाहिरात जरूर करावी. परंतु जागा आहे तशीच सांगावी, चौकशीस त्याच दिवशी उत्तर द्यावे आणि दरमहा खर्च व सौदे समोरासमोर मांडून पाहावेत. घेणाऱ्याने नोंदणी क्रमांक पडताळावा, उतारा वकिलास दाखवावा, जागेवर स्वतः जाऊन उभे राहावे, आणि "आज रात्रीपर्यंतच हा भाव" असे कोणी म्हटल्यास उद्या सकाळपर्यंत थांबावे. दुकानाचे खेळते भांडवल मात्र कोणत्याही जाहिरातीच्या मोहाने जमिनीत गाडू नये. हंगाम आला म्हणजे माल रोखीने घ्यावा लागतो, आणि प्लॉट त्या दिवशी विकला जाईलच असे नाही.