कुत्र्याला वास शोधायला शिकवायचंय? किट मागवण्याआधी हे वाचा

ऊर्जानगर : पोलिसांचं श्वानपथक आलं की पोरं मागे धावतात आणि पुढचे दोन दिवस घरच्या कुत्र्याला चप्पल हुंगायला लावतात. हौस वाईट नाही. दिवसभर बांधलेल्या कुत्र्याला रोज दहा मिनिटं नाकाचं काम मिळालं तर ते शांत राहतं. गावठी कुत्रंही हे शिकतं. पण मोबाईलवर पाहून महागडं किट मागवायची घाई करू नका.

सुरुवात खोक्यांपासून. चपलेच्या दुकानातून पाच-सहा रिकामी खोकी आणा. उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे एकाच खोक्यात ठेवा आणि कुत्र्याला आपलं आपण शोधू द्या. बोट दाखवू नका. खाऊचं खोकं कायम तेच ठेवा, त्यावर खूण करा. नाहीतर सगळ्याच खोक्यांना कोंबडीचा वास लागतो आणि आपण म्हणतो, कुत्रं चुकतंय.

हे जमलं की ठरावीक वास. परदेशात या खेळात बर्च, बडीशेपेसारखा अ‍ॅनिस आणि लवंग यांची तेलं वापरतात. आपल्याकडे लवंगाचं तेल सहज मिळतं, तेवढं पुरे. काचेच्या बरणीत दोन थेंब टाका, त्यात कान साफ करायच्या कापसाच्या काड्या अर्ध्या कापून झाकण लावून रात्रभर ठेवा. तेल काडीवर ओतायचं नाही, नुसता वास मुरू द्यायचा. निव्वळ तेल कुत्र्याच्या नाकाला, जिभेला लागता कामा नये.

काडी ठेवायला पत्र्याची छोटी नवी डबी घ्या. बामची किंवा तंबाखूची जुनी डबी कितीही धुतली तरी वास सोडत नाही. खिळ्याने भोकं पाडताना बाहेरून आत ठोका, म्हणजे धारदार कडा आतच राहतात. काडी चिमट्याने उचला. खर्रा घोटलेल्या हाताने धरली तर कुत्रं लवंग नाही, खर्रा शिकेल! आधी डबी आणि खाऊ एकत्र ठेवा. काही दिवसांनी नुसती डबी ठेवा आणि ती सापडली की खाऊ तिथल्या तिथे द्या.

कापूर, डांबराच्या गोळ्या, कीटकनाशक यांचा वास शिकवायला वापरू नका, ते कुत्र्याला विषारी आहे. कातडं, नखं, गांजा असलं काही तर अजिबात नको. वन्यप्राण्याचे अवयव जवळ ठेवणं 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कामाची कुत्री वेगळी. ‘ट्रॅफिक’ आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी 2008 मध्ये वन खात्यांसाठी अशी कुत्री तयार करणं सुरू केलं. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात कुत्रं आणि त्याचा हाताळणारा दोघंही कित्येक महिने शिकतात.

पैसे खर्च करायचे तर छातीच्या पट्ट्यावर करा. वासामागे ओढ घेताना गळपट्टा घशाला दाबतो. पट्टा बसला की खाली दोन बोटं जावीत आणि काखेत घासू नये. तो फक्त याच कामाला घाला. काही दिवसांत पट्टा दिसला की कुत्र्याला कळतं, आता शोधायचंय. दोरी साधारण पाच मीटर, नवारीसारखी चपटी. बारीक नायलॉन हात कापतो, साखळी जड पडते.

दोरी आपल्याकडे निव्वळ शिकवण्याची वस्तू नाही. 2022 च्या फेब्रुवारीत याच भागात लागोपाठ दोन दिवसांत वाघाने वीज केंद्रातल्या कामगाराचा आणि बिबट्याने दुर्गापूरच्या मुलाचा जीव घेतला. बिबट्याला कुत्रं म्हणजे जेवण. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. नाक खाली घालून चाललेल्या कुत्र्याचं आजूबाजूला लक्ष नसतं. म्हणून झुडपं, नाला, राखेच्या बांधाकडची बाजू टाळा. दिवस मावळायच्या आत घरात या. दोरी हातातून सोडू नका.

खरं तर पहिले दोन-तीन महिने घर आणि अंगण पुरतं. सरावाच्या वेळी कूलर, पंखा बंद ठेवा. त्यांचा झोत वास दुसऱ्याच कोपऱ्यात नेऊन टाकतो. उन्हाळ्यात सकाळी घरातच, पाच मिनिटं बास. जीभ काढून धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट वास घेता येत नाही. त्या दिवशी डब्या बंद करून पाणी पाजा.