ठेच्यासोबत गार शेनिन
कोथिंबीर वडी, ठेचा आणि वाइन? नाक मुरडू नका. गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी १९९७ साली शेनिन ब्लां या द्राक्षाचे वेल लावले. त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन २००० साली आली. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं. रस आंबताना यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. टाकी थंड करून त्याला मध्येच थांबवलं, की थोडी गोडी उरते. तीच तिखटाला आवरते. जास्त अल्कोहोलची लाल वाइन उलट जीभ पेटवते. आमच्या वहिनी नारळाच्या रसातल्या कोळंबीसाठी शेनिनची बाटली राखून ठेवतात. मला वडीच बरी, ठेचा सढळ हवा. फ्रिजमधून काढून लगेच ओता, बर्फ घालू नका. श्रीखंडासोबत तर नकोच, त्यापुढे ती नुसती आंबट लागते.