बिननावाच्या धानाची ओळख

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांची शेती दीड एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 साली त्यांच्या बांधीत ‘पटेल 3’ हा धान उभा होता. त्यात पिवळसर दाण्यांच्या तीन लोंबा त्यांना वेगळ्या दिसल्या. भेसळ म्हणून त्या उपटून टाकता आल्या असत्या. दादाजींनी त्यांचे बी जपून ठेवले आणि पुढच्या हंगामात वेगळे लावले.

एका हंगामात रोप निराळे दिसले म्हणून नवे वाण ठरत नाही. जमीन, पाणी आणि खत यांनीही धानाचे रूप पालटते. पण धानात परागीभवन बहुतेक त्याच फुलात होते, त्यामुळे बियाण्यातला खरा फरक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. अंजिरासारख्या झाडाची छाटकलमे लावली की मूळ झाडच पुढे चालते. धानाला मात्र दरवर्षी बी निवडणारी नजर लागते. दादाजींनी ती निवड कित्येक वर्षे चालू ठेवली. दाणा बारीक, भात चवदार आणि उतारा मूळ वाणाहून जास्त, हे त्यांनी स्वतःच्या बांधीत पडताळून पाहिले.

1990 च्या सुमारास हा धान बाजारात गेला, तेव्हा त्याला नावच नव्हते. एचएमटी घड्याळांची तेव्हा चलती होती. व्यापाऱ्याने तेच नाव दिले.

पोत्यावरच्या नावाने मात्र वाण ओळखता येत नाही. शेतकऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणासाठी तीन कसोट्या आहेत: वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता. त्यासाठी पानाच्या बुडाचा रंग, निसवण्याचे दिवस, लोंबीची लांबी, कुसळ, हजार दाण्यांचे वजन, सुवास अशी लक्षणे ज्ञात वाणांशेजारी लावून ताडतात. डीएनए तपासणीचीही आता मदत होते.

1998 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने दादाजींच्याच धानापासून ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केला. मूळ निवड करणाऱ्या दादाजींना राष्ट्रपती कलामांच्या हस्ते गौरव मिळाला तो 2005 मध्ये. ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ असे आणखी वाणही त्यांनी निवडले. 3 जून 2018 रोजी ते गेले. बी विद्यापीठात पोचण्याआधीच त्यांचे नाव कागदावर यायला हवे होते.

आज शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करायला शुल्क पडत नाही. तुमच्या घरी बिननावाचा जुना धान असेल, तर शेजाऱ्याला बी देण्याआधी त्याची लक्षणे लिहून ठेवा आणि सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारणा करा.