जॅक रीगनवर विश्वास ठेवावा का?

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर पोलिसांच्या मालिकांना तोटा नाही. पण प्रसारण थांबून इतकी वर्षं उलटल्यावरही जिच्यावरून प्रेक्षकांमध्ये खरी वादावादी होते अशा मालिका थोड्या, आणि त्यात ‘द स्वीनी’चा मान पहिला. लंडनमधल्या सशस्त्र दरोडेखोरांच्या मागावर असणाऱ्या फ्लाइंग स्क्वॉडला तिथल्या बोलीत स्वीनी म्हणतात. जून १९७४मध्ये ‘रीगन’ हा चित्रपट आयटीव्हीवर दाखवला गेला, २ जानेवारी १९७५ला त्यावर बेतलेली मालिका सुरू झाली आणि १९७८चा डिसेंबर सरता सरता संपली. चार पर्वं, ५३ भाग. जॉन थॉ डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर जॅक रीगन, डेनिस वॉटरमन त्याचा सार्जंट जॉर्ज कार्टर, आणि गारफिल्ड मॉर्गन या दोघांना आवरता आवरता थकणारा वरिष्ठ, हॅस्किन्स.

रीगन संशयिताला धमकावतो, कधी हात उगारतो. वॉरंटची वाट पाहणं त्याला जमत नाही. खबऱ्यांना तो वापरून घेतो आणि वरिष्ठांशी सरळ खोटं बोलतो. मात्र लाच घेत नाही. या शेवटच्या गोष्टीच्या बळावर आधीच्या सगळ्या गोष्टी माफ करायच्या का, यावर प्रेक्षक तेव्हाही दुभंगले होते, आजही आहेत.

रीगनने दिलेला धक्का किती मोठा होता हे समजायला ब्रिटिश घरांमध्ये त्याआधी काय पाहिलं जात होतं ते पाहायला हवं. बीबीसीवर १९५५पासून ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ चालू होती. जॅक वॉर्नरने रंगवलेला डिक्सन हा गल्लीतला वडीलधारा हवालदार. भागाच्या सुरुवातीला तो प्रेक्षकांना सलाम करायचा आणि शेवटी दोन समजुतीच्या गोष्टी सांगायचा. ही मालिका १९७६पर्यंत चालली, म्हणजे काही काळ डिक्सन आणि रीगन एकाच देशाचे पोलीस म्हणून पडद्यावर नांदत होते. पहिला तडा त्याआधीच गेला होता, १९६२मध्ये, ‘झेड कार्स’मुळे. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीवरून बेतलेल्या न्यूटाउन या वसाहतीत गस्त घालणारे तरुण शिपाई, आणि त्यांतल्या एकाच्या बायकोच्या डोळ्याखाली नवऱ्यानेच उमटवलेला काळा डाग. पोलीस घरी बायकोला मारतो हे दाखवल्याने लँकशरचे पोलीस चांगलेच दुखावले. सामान्य प्रेक्षकांना मात्र तो डाग ओळखीचा वाटला. ‘झेड कार्स’चा जनक ट्रॉय केनेडी मार्टिन, ‘स्वीनी’चा जनक त्याचा भाऊ इयन. एका घरातल्या दोघांनी तेरा वर्षांच्या अंतराने ब्रिटिश पोलिसाची प्रतिमा दोनदा पालटली.

‘स्वीनी’चं वेगळेपण आधी डोळ्यांना जाणवलं. तोवरच्या बहुतेक मालिका स्टुडिओत, व्हिडिओवर, खोट्या भिंतींमध्ये घडत. युस्टन फिल्म्सने ही मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर, लंडनच्या रस्त्यांवर चित्रित केली. सुमारे पन्नास मिनिटांच्या एका भागाला चित्रीकरणाचे दहा दिवस, म्हणजे रोज पडद्यावरची पाचेक मिनिटं पदरात पडायलाच हवीत. हॅमरस्मिथमधली एक जुनी शाळा हाच चित्रीकरणाचा तळ. या घाईचा परिणाम पडद्यावर दिसतो: ढगाळ उजेड, ओले रस्ते, धंदा उठलेल्या गोद्या, पाडकामाला निघालेल्या चाळवजा वस्त्या. आज ही मालिका आवर्जून पाहणाऱ्यांत एक मोठा वर्ग केवळ या लंडनसाठी येतो. कथा पाठ झालेली असते. त्यांची नजर मागच्या दुकानांच्या पाट्यांवर आणि नंतर काचेच्या मनोऱ्यांखाली गेलेल्या मोकळ्या पटांगणांवर असते. मला ही आवड गौण वाटत नाही. शहराची अशी नोंद मुद्दाम कुणी केली नसती.

मारामारी आणि गाड्यांचा पाठलाग किती असावा यावर निर्मात्यांतच एकमत नव्हतं. इयन केनेडी मार्टिनला संवादांवर उभं राहणारं नाटक हवं होतं, निर्माता टेड चाइल्ड्सला वेग हवा होता. इयन बाजूला झाला. प्रेक्षकांची विभागणीही याच रेषेवर झाली. एकांना फोर्ड गाडीतून उड्या टाकणारे रीगन-कार्टर आठवतात. त्या काळी शाळेत असलेली मुलं दुसऱ्या दिवशी मैदानात तेच खेळायची. दुसऱ्यांना आठवतं ते रात्री उशिरा एकट्याच्या घरात बाटली उघडणारं थॉचं तोंड. मालिका सुरू झाली तेव्हा थॉ जेमतेम बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता, हे सांगितलं तर आजही कुणाचा विश्वास बसत नाही.

माझा कौल दुसऱ्या गटाला. हॅरी साउथचं शीर्षकसंगीत एकदा लक्ष देऊन ऐकावं. सुरुवातीला पितळी वाद्यांचा दणका, आणि भाग संपताना तीच धून संथ, उदास. मधल्या पन्नास मिनिटांत जे घडलेलं असतं त्याला जिंकणं म्हणणं अनेकदा अवघड असतं. दरोडेखोर सापडतो पण खबरी मरतो. कधी सूत्रधार वकिलाच्या आडून निसटतो. रीगनचं लग्न मोडलेलं, मुलगी दूर. दुसऱ्या पर्वात कार्टरच्या बायकोचा, ॲलिसनचा खून होतो. नवऱ्याच्या नोकरीबद्दल उघड कुरकुर करणारी, त्याने रीगनपासून सुटावं असं वाटणारी ती बाई. मालिकेने तिला मारून टाकलं आणि दोन पुरुषांची मैत्री मोकळी केली. स्त्री-प्रेक्षकांचा या मालिकेवरचा आक्षेप इथे सर्वांत पक्का आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. बायका इथे पत्नी, मैत्रीण, बारमधली किंवा साक्षीदार म्हणून येतात आणि जातात. ॲलिसन झालेली स्टेफनी टर्नर १९८०मध्ये ‘ज्युलिएट ब्राव्हो’त स्वतः एका पोलीस ठाण्याची प्रमुख झाली. हेलन मिरेनची ‘प्राइम सस्पेक्ट’ यायला १९९१ उजाडलं.

खऱ्या फ्लाइंग स्क्वॉडची त्या वर्षांतली अवस्था डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय रीगनबद्दलचा वाद कळत नाही. पथकाचा प्रमुख केनेथ ड्रुरी हा लंडनच्या एका अश्लील साहित्याच्या व्यापाऱ्यासोबत सायप्रसला सुट्टीवर गेल्याचं १९७२मध्ये वर्तमानपत्राने उघड केलं. त्याच वर्षी आयुक्त झालेल्या रॉबर्ट मार्क यांनी साफसफाई हाती घेतली आणि त्यांच्या कारकिर्दीत ४००हून अधिक पोलिसांनी दल सोडलं. ड्रुरीला १९७७मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मालिका अजून संपली नव्हती. म्हणजे प्रेक्षक वर्तमानपत्रात पथकाचा विकाऊ प्रमुख वाचत होते आणि पडद्यावर त्याच पथकातला न विकला जाणारा इन्स्पेक्टर पाहत होते. काहींना त्यातून दिलासा मिळाला. काहींना हा पोलिसांचा बचाव वाटला, तोही मारकुट्या पोलिसाला प्रामाणिक ठरवून केलेला.

या दुसऱ्या मंडळींना १९७८च्या एप्रिलमध्ये बीबीसीने पुरावाच दिल्यासारखं झालं. जी. एफ. न्यूमन यांनी लिहिलेली, लेस ब्लेअर यांनी दिग्दर्शित केलेली चार भागांची ‘लॉ अँड ऑर्डर’. पोलीस, गुन्हेगार, वकील आणि कैदी, एकेकाच्या बाजूने एकेक भाग. तिथला डिटेक्टिव्ह पैसे घेतो, पुरावा पेरतो, आणि शांतपणे घरी जातो. संगीत नाही, पाठलाग नाही. तुरुंग कर्मचारी संतापले, संसदेपर्यंत तक्रारी गेल्या आणि मालिका कित्येक वर्षं पुन्हा दाखवली गेली नाही. दोन्ही मालिका लागोपाठ पाहिल्या की रीगनचा खरखरीतपणा किती जपून घडवला होता ते लक्षात येतं. त्याला कितीही मळवलं तरी प्रेक्षकाच्या मनातून तो उतरणार नाही, याची काळजी प्रत्येक पटकथेने घेतली आहे.

पुढे १९८१मध्ये ब्रिक्स्टन पेटलं. रस्त्यात कुणालाही संशयावरून अडवण्याच्या पोलिसी अधिकाराने कृष्णवर्णीय तरुणांचा अनुभव काय झाला होता हे सगळ्या देशाला पाहावं लागलं. १९८४च्या कायद्याने अटक आणि चौकशीचे नियम घट्ट बांधले, चौकशी ध्वनिमुद्रित होऊ लागली. त्यानंतर ‘स्वीनी’चं पुनःप्रसारण पाहणारा प्रेक्षक वेगळा होता. रीगन कॉलर पकडतो तेव्हा त्याला हसू येत नाही, किंवा आलंच तर लाजही येते. ‘लाइफ ऑन मार्स’ने २००६मध्ये हीच अडचण नाट्याला पुरवली: आजचा अधिकारी १९७३च्या मँचेस्टरमध्ये जाऊन पडतो आणि तिथल्या जीन हंटशी रोज भांडतो. गंमत अशी की प्रेक्षकांनी हंटला डोक्यावर घेतलं. नियम हवेत असं म्हणणाऱ्यालाही संध्याकाळी सोफ्यावर बसल्यावर नियम मोडणारा माणूस हवा असतो, आणि हे मी कुणाला नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. मलाही थॉचा प्रत्येक प्रवेश खिळवून ठेवतो.

वादाचा निकाल जर कुठे असेल तर तो शेवटच्या भागात आहे. रीगनवर भ्रष्टाचाराचा आळ येतो आणि त्याचेच सहकारी त्याला कोठडीत टाकतात. तो निर्दोष ठरतो, त्याला परत बोलावलं जातं, आणि तो संतापून नोकरीच सोडतो. चाहत्यांपैकी पुष्कळांना हा शेवट बोचतो: इतकी वर्षं राबलेल्या माणसाची ही किंमत? पण ५२ भाग ज्या संशयाने त्याने इतरांना वागवलं, तोच संशय आता त्याच्या वाट्याला आला आहे. त्याचा संताप खरा आहे, आणि याआधी त्याच्या टेबलासमोर बसलेल्या कित्येकांचाही तितकाच खरा होता. म्हणून ही मालिका नव्याने पाहणाऱ्याला मी शेवटच्या भागापासून सुरुवात करायला सांगतो. रहस्य फुटतं, पण नंतर पहिल्या पर्वातली रीगनने केलेली प्रत्येक चौकशी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहता येते.