मगनवाडीचा हिशेबनीस

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. घराला कडक शिस्त आणि इंग्रजी वळण. लंडनला जाऊन कुमारप्पा हिशेबतपासनीस झाले, तिथे काही काळ कामही केले आणि मुंबईला परतून याच व्यवसायात स्थिरावले. इंग्रजी राज्याशी भांडण काढावे असे या सुखवस्तू आयुष्यात काही नव्हते.

भांडण निघाले ते हिशेबातून. १९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थानच्या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला. रयतेकडून गोळा होणारा पैसा लष्कर, बड्या पगारांचे अधिकारी आणि कर्जावरचे व्याज यांवर जातो, रयतेच्या पदरात फारसे काही पडत नाही, हे आकडेच सांगत होते. दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाला सरकारची वही वाचायला भाषणांची गरज नव्हती.

या अभ्यासाचा प्रबंध घेऊन मे १९२९ मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो ‘यंग इंडिया’त छापला आणि खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांच्याकडे सोपवली. कोट-पाटलोण जाऊन खादी आली, कॉर्नेलियसऐवजी कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव पुढे आले. काटेकोरपणा मात्र तोच राहिला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब सांभाळताना त्यांनी गांधीजींच्या लवाजम्याचा खर्चही निधीतून द्यायला नकार दिला.

त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ यांवर प्रयोग सुरू झाले. खेड्यातला कच्चा माल बाहेर जाऊन पक्का होऊन परत आला की मधली कमाई गावाला मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा. इथे भाबडेपणा शोधणाऱ्यांनी मध्य प्रांत सरकारसाठी त्यांनी केलेली उद्योगांची पाहणी वाचावी. १९४२ च्या लढ्यानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे आपले पुस्तक लिहिले. स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारच्या धोरणांवरही ते तितकेच कडाडले. ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

सेवाग्राम पाहायला जाणाऱ्यांनी वर्ध्यात मगनवाडीतले मगन संग्रहालयही चुकवू नये.